कोठीच्या किल्ल्या

आपल्या वऱ्हाडांतील घरांत सासू जेव्हां कोठीच्या किल्ल्या सुनेच्या स्वाधीन करते, तेव्हां त्या घरांत एक मोठी गोष्ट घडते. परंतु तिचा गाजावाजा होत नाहीं. तोंवर सून स्वयंपाक करीत असते, दळणकांडण करीत असते, आल्यागेल्याचें आदरातिथ्यहि करीत असते. तथापि कोठींतून किती धान्य काढावयाचें व किती राखून ठेवावयाचें, हें ठरविणारी ती नसते. किल्ल्या हातीं आल्या म्हणजे घर खऱ्या अर्थानें तिचें होतें. संस्थांचेंहि असेंच आहे, असें आम्हांस वाटतें. एखादी संस्था वाढली असें आपण म्हणतों, तें बहुधा तिच्या इमारती, तिच्या शाखा व तिच्या सभासदांची संख्या मोजून म्हणतों. किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत, हें मात्र क्वचितच विचारतों.

आफ्रिकेंतील युगांडा देशांत स्त्रियांचे कॅथोलिक धर्मसंघ कसे उदयास आले व कसे वाढले, हें आम्ही या लेखांत याच कसोटीनें पाहणार आहों. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ कुटुंबें त्या धर्माचीं नाहींत, हें आम्ही जाणतों. व कोणास त्या पंथाकडे वळवावें हा आमचा हेतूहि नाहीं. परंतु परक्यांनीं लाविलेलें रोप त्या भूमीचें केव्हां व कसें होतें, हा प्रश्न कोणत्याहि एका धर्माचा नाहीं. तो प्रत्येक शाळेचा, प्रत्येक सेवासंस्थेचा व प्रत्येक कुटुंबाचा आहे.

धामणगांवकरांस युगांडा फार दूर वाटेल. पण आगगाडीच्या गांवीं राहणाऱ्यांस तेथील इतिहासाचा एक धागा ओळखीचा वाटावा असा आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोहोंचला, आणि वऱ्हाडचा कापूस बाहेर व बाहेरचें जग वऱ्हाडांत येऊं लागलें. पुढें सुमारें तीस वर्षांनीं अशीच गोष्ट पूर्व आफ्रिकेंत घडली. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवराच्या कांठापर्यंतचा युगांडा रेल्वे नांवाचा मार्ग १८९६ ते १९०१ या सालांत बांधला गेला, व त्या कामासाठीं हिंदुस्थानांतून सुमारें ३२,००० मजूर नेण्यांत आले. त्यांपैकीं सुमारें २,५०० जण तेथेंच मृत्यु पावले. म्हणजे ज्या वाटेनें पुढें कित्येक शिक्षक, डॉक्टर व धर्मभगिनी त्या देशांत गेल्या, ती वाट घालण्यांत आपल्या देशबांधवांचा घाम व रक्त दोन्हीं खर्ची पडलेलीं आहेत.

रेल्वे होण्यापूर्वीं तेथें कोण गेलें होतें? १८७९ सालीं फादर लूर्देल व ब्रदर आमां हे दोघे फ्रेंच मिशनरी त्या वेळच्या बुगांडा राज्यांत पोहोंचले. त्यांच्या मागोमाग त्यांचे सहकारी आले. १८८५ ते १८८७ या काळांत राजा म्वांगा यानें नवीन धर्म स्वीकारलेल्या अनेक तरुणांस ठार मारविलें. त्यांत कॅथोलिक होते तसेच प्रॉटेस्टंटहि होते. त्यांपैकीं २२ कॅथोलिकांस १९६४ सालीं रोमनें संतपद दिलें. या साऱ्या कथेंत नांवें दिसतात तीं पुरुषांचीं. स्त्रियांसाठीं काम करण्यास स्त्रियाच पाहिजेत हें ओळखून १८९९ सालीं पांढऱ्या वेषामुळें ‘व्हाइट सिस्टर्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघाच्या भगिनी तेथें आल्या. हा संघ कार्डिनल लाविजरी यांनीं १८६९ सालीं अल्जीरिया देशांत स्थापिलेला होता.

आतां खरी गोष्ट सुरू होते. मसाका गांवाजवळ व्हिला मारिया नांवाचें मिशनचें ठाणें आहे. तेथें कांहीं स्थानिक मुली भगिनींपाशीं राहून त्यांच्या कामांत हातभार लावूं लागल्या. त्यांतील कित्येकींनीं असें बोलून दाखविलें कीं, आम्हांस लग्न करावयाचें नाहीं. आम्ही याच कामांत जन्म घालवूं. ही गोष्ट ऐकून त्यांच्या आईबापांस काय वाटलें असेल, याची कल्पना आमच्या वाचकांस सहज करतां येईल. विवाह न करणारी स्त्री ही कल्पनाच त्या समाजास अपरिचित होती. मुलीच्या लग्नानें दोन कुळें जोडलीं जावयाचीं व तिच्या लेकरांनीं वंश वाढावयाचा, ही तेथील रीत. आणि ती आपल्या रीतीहून फारशी निराळी नाहीं. मुलगी घरास मुकली, कुळास मुकली, असेंच आप्तांस वाटणार. परंतु त्या मुली डगमगल्या नाहींत. व्हाइट सिस्टर्सपैकीं मदर मेक्टिल्ड यांनीं त्यांस लिहिणें, वाचणें, धर्मशिक्षण, शुश्रूषा व संघजीवनाची शिस्त शिकविली, आणि १९१० सालीं त्यांतून एका नव्या संघाचा पाया घातला गेला. त्याचें नांव ‘बान्नाबिकिरा’. तेथील लुगांडा भाषेंत याचा अर्थ ‘कुमारी मरियेचीं लेकरें’.

नांव त्यांच्याच भाषेंतील असावें, याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. परंतु नांवापेक्षांहि मोठी गोष्ट पुढें घडली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत या संघाची प्रमुख म्हणून त्यांच्यांतीलच एक आफ्रिकन भगिनी आली. ज्या मुलींच्या आयांस अक्षरओळख नव्हती, त्यांतील एकीनें सर्व संघाचा कारभार हातीं घेतला. त्या देशांत ब्रिटिशांचा अंमल होता, व आफ्रिकेच्या माणसास स्वतःचा कारभार पाहतां येणार नाहीं असें मोठमोठे विद्वान छातीठोकपणें सांगत होते, तेव्हांची ही गोष्ट आहे. बिशप हेन्री स्ट्रायखर यांनीं १९१३ सालीं युगांडाच्या पहिल्या दोन धर्मगुरूंस दीक्षा दिली. आणि जोसेफ किवानुका हे आफ्रिकन गृहस्थ मसाका येथील बिशप झाले तें १९३९ सालीं. म्हणजे पुरुषांच्या हातीं धर्मप्रांताच्या किल्ल्या येण्यापूर्वीं सुमारें एक तपाहून अधिक काळ स्त्रियांच्या हातीं त्यांच्या संघाच्या किल्ल्या आलेल्या होत्या. स्त्रिया मागें राहतात व पुरुष त्यांस पुढें ओढून नेतात, असें जे नेहमीं म्हणतात, त्यांनीं हा सालांचा हिशेब एकदां ध्यानांत घ्यावा.

याच देशांतील दुसरें उदाहरण मदर केव्हिन यांचें. या मूळच्या आयर्लंडच्या. १९०३ सालीं पांच सोबतिणींसह त्या कंपाला शहराजवळील न्सांब्या येथें आल्या, व एका आंब्याच्या झाडाखालीं त्यांनीं दवाखाना मांडला. त्या काळीं प्रसूतीच्या वेळीं माता व बालकें फार दगावत. धर्मभगिनींनीं सुइणीचें काम करूं नये असा रोमचा निर्बंध होता, व तो १९३६ पर्यंत उठला नाहीं. तथापि डॉक्टर एव्हलिन कॉनोली या व्रतस्थ नसलेल्या बाईंच्या साह्यानें न्सांब्या येथें १९२१ सालीं परिचारिका व सुइणी तयार करण्याची शाळा निघाली. पुढें १९२३ सालीं आठ स्थानिक मुलींस घेऊन मदर केव्हिन यांनीं ‘संत फ्रान्सिसच्या लहान भगिनी’ हा आफ्रिकन संघ सुरू केला. आज तो युगांडा, केनिया व टांझानिया या तीन देशांत काम करीत आहे. १९५७ सालीं अमेरिकेंत मदर केव्हिन वारल्या. त्यांचा देह आयर्लंडला नेऊन पुरण्यांत आला होता. पण युगांडाच्या लोकांनीं आग्रह धरून तो आपल्या देशीं आणविला व न्कोकोन्जेरू येथें त्याचें दफन केलें. लोकांनीं त्यांस आपल्या घरची मानलें, याचें कारण त्यांनीं दवाखाने बांधले एवढेंच नव्हे. दवाखाने चालविणारे हात त्यांनीं त्याच मातींतून तयार केले, हें आहे.

परंतु आम्ही केवळ गुणगान करूं लागलों तर तें वाचकांशीं प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. या कथेला दुसरी बाजू आहे. युरोपियन भगिनींनीं आफ्रिकन मुलींस आपल्याच संघांत बरोबरीनें कां घेतलें नाहीं? त्यांच्यासाठीं निराळा संघ कां काढला? यांत भेदभावाचा अंश होता, असा आक्षेप घेतला जातो, व तो सर्वथा खोटा आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं स्थानिक भगिनींच्या वांट्यास स्वयंपाक, झाडलोट व शेतकाम यावें, आणि वरचें शिक्षण व हिशेबाच्या वह्या गोऱ्या भगिनींकडे राहाव्यात, असेंहि घडलें. ज्या सुनेला जन्मभर चुलीपुढेंच बसविलें, तिला एके दिवशीं एकदम कोठीच्या किल्ल्या दिल्या, तर तिची तारांबळ उडेल. आणि मग ‘पाहा, हिला जमत नाहीं’ असें म्हणण्यास सासू मोकळी! हा अन्याय घराघरांत होतो, तसाच तो संस्थांतहि होतो.

तरीहि निराळ्या संघाचा एक लाभ झाला, हें नाकारतां येत नाहीं. त्यांत वरच्या जागा अडवून बसणारें दुसरें कोणी नव्हतें. निर्णय त्यांचा, चूक त्यांची, व चुकीची दुरुस्तीहि त्यांचीच. एकत्र संघांत त्यांस मान मिळाला असता. पण जबाबदारी किती मिळाली असती, याची शंकाच आहे. आमचें मत असें कीं, बरोबरीचा मान व जबाबदारी या दोहोंपैकीं एकाचीच निवड करणें भाग पडलें, तर जबाबदारी मागून घ्यावी. मान तिच्या मागोमाग येतो. उलट, नुसता मान देऊन जबाबदारी राखून ठेवणारे लोक शहाणे असतात खरे, पण उदार असतात असें म्हणवत नाहीं.

आज याचें फळ काय दिसतें? १९७० च्या सुमारास जगांत कॅथोलिक धर्मभगिनींची संख्या १०,००,००० च्या घरांत होती; २०२२ च्या अखेरीस ती ६,००,००० हूनहि किंचित् खालीं आली. युरोप व अमेरिका येथील जुने मठ ओस पडत आहेत. परंतु त्याच २०२२ सालीं आफ्रिकेंतील भगिनींची संख्या वाढून सुमारें ८३,००० झाली. ज्या खंडास एके काळीं केवळ घेणारें समजत, तेंच खंड आतां देणारें होऊं लागलें आहे. मात्र संख्येनेंच हुरळून जाऊं नये. या स्थानिक संघांस परदेशचा पैसा पूर्वीसारखा मिळत नाहीं. शेती, शाळा व हातकामें यांवर त्यांस आपला निर्वाह करावा लागतो. आणि भगिनींच्या उच्च शिक्षणास पैसा कोठून आणावा, ही विवंचना त्यांस असते. किल्ल्या हातीं आल्या, पण कोठी भरलेली नाहीं, अशी त्यांची स्थिति आहे. म्हणून किल्ल्या परत कराव्या काय? मुळींच नाहीं. रिकाम्या कोठीची काळजी वाहणें हेंहि घरधनिणीचेंच काम होय.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. फ्रान्सच्या आल्प्स पर्वतांतील आनसी गांवच्या संत जोसेफच्या भगिनी १८४९ सालीं पूर्व किनाऱ्यावरील यानम येथें उतरल्या, व तेथून पुढें त्यांचें काम कामठी व नागपूर येथवर आलें. त्या काळीं आपण घेणाऱ्यांत होतों. पुढें १९४२ सालीं मुंबईच्या अंधेरी उपनगरांत ॲना ह्युबर्टा रोगेनडोर्फ या जर्मन भगिनीनें ‘मरियेच्या साहाय्यक’ म्हणजे ‘हेल्पर्स ऑफ मेरी’ हा संघ या देशांतील मुलींस घेऊन स्थापिला. निराधार मुलींचें सेंट कॅथरिन्स होम व वर्सोवा येथील विमला हें कुष्ठरोग्यांचें रुग्णालय, हीं त्यांचीं कामें मुंबईकरांच्या परिचयाचीं आहेत. आणि हाच अंधेरीचा संघ पुढें आफ्रिकेंत इथिओपिया व केनिया या देशांत गेला. युरोपांतून येथें आलेला दिवा येथल्या तेलानें पेटत राहिला, व येथून आफ्रिकेस गेला. आपल्या भूमींतून निघालेल्या स्त्रिया परक्या देशांतील अनाथांची सेवा करण्यास जातात, याचा अभिमान कोणाहि महाराष्ट्रीयास वाटेल.

परंतु येथेंच आमचा मुख्य मुद्दा येतो. कालची सून आज सासू झाली आहे. जे आपण युरोपियनांकडून मागत होतों, तें आतां आफ्रिकेच्या मुली आपल्याकडून मागणार. आपल्या भगिनींनीं तेथें शाळा काढल्या, दवाखाने काढले, पण मुख्याध्यापिकेची खुर्ची व पैशाची पेटी वर्षानुवर्षें आपल्याकडेच ठेवली, तर जो दोष आपण गोऱ्यांस दिला तोच आपल्यास लागेल. सासुरवास भोगलेल्या सुनेनेंच पुढें अधिक कडक सासू व्हावें, हा अनुभव आपल्या ओव्यांपासून चावडीपर्यंत सर्वांस ठाऊक आहे. म्हणून जो कोणी सेवेसाठीं परमुलखांत जाईल, त्यानें जातांनाच आपल्या परतीचा दिवस मनांत धरून जावें. आपल्यावांचून अडणार नाहीं अशी स्थिति निर्माण करणें, हेंच सेवेचें शेवटचें व सर्वांत कठीण काम आहे.

हें केवळ ख्रिस्ती संघांसच लागू आहे असें कोणी समजूं नये. महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले या तरुणपणींच विधवा झालेल्या, व वयांत आल्यावर शिकलेल्या. पुढें त्याच आश्रमाच्या कारभारांत त्यांनीं मोठी जबाबदारी उचलली, आणि आश्रमासाठीं वर्गणी मिळविण्यास त्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. जिला समाजानें आश्रित ठरविलें असतें, तीच आश्रयदाती झाली. व्हिला मारियाच्या मुलींची कथा व पार्वतीबाईंची कथा यांत धर्म, देश व भाषा हीं सर्व निराळीं आहेत. पण विश्वास टाकणारा व विश्वास सार्थ करणारी, हीं दोन माणसें दोहोंतहि सारखींच आहेत.

पालकांस आमची एक विनंती आहे. तुमची मुलगी संन्यासिनी व्हावी असें आम्ही म्हणत नाहीं. तिनें काय व्हावें हें ठरविण्याचा अधिकार आमचा नाहीं. पण तो सर्वस्वीं तुमचाहि नाहीं, एवढें नम्रपणें सांगतों. कापसाची वेचणी आली म्हणजे मुलीस शाळेंतून काढावें, घरांत आजारपण आलें म्हणजे तिची परीक्षा बुडवावी, आणि स्थळ सांगून आलें म्हणजे तिचें शिक्षणच आवरतें घ्यावें, ही चाल अद्याप पुरी गेलेली नाहीं. युगांडाच्या त्या आईबापांनीं मोठ्या कष्टानें का होईना, पण मुलींस वाट मोकळी करून दिली, म्हणून शेंकडों शाळा व दवाखाने यांस कारभारिणी मिळाल्या. तुमच्या मुलीनें डॉक्टर व्हावें, शिक्षिका व्हावें, गृहिणी व्हावें, अथवा लग्न न करतां एखाद्या कार्यास वाहून घ्यावें. जें ती विचारपूर्वक निवडील, त्याला निदान ऐकून घेण्याइतका मान द्यावा.

विद्यार्थी व विद्यार्थिनी मित्रहो, तुम्हांसहि दोन शब्द सांगावयाचे आहेत. किल्ल्या मागण्यापूर्वीं कोठी कशी राखतात हें शिकावें लागतें. व्हिला मारियाच्या मुलींनीं प्रथम अक्षरें गिरविलीं, मग हिशेब शिकला, मग रोग्यांची उशापायथ्याशीं बसून सेवा केली. कारभार त्यानंतर आला. वर्गाची वही नीट ठेवणें, स्नेहसंमेलनाच्या वर्गणीचा पैन् पै हिशेब देणें, ग्रंथालयाचें पुस्तक वेळेवर परत करणें, या गोष्टी क्षुल्लक दिसतात. पण उद्यां ज्या हातांत गांवची शाळा, सहकारी संस्था वा रुग्णालय द्यावयाचें, ते हात याच कामांत तयार होतात.

आणि आम्हां वडीलधाऱ्यांनीं, शिक्षकांनीं व संस्थाचालकांनीं आपल्या मनाला एक प्रश्न दरवर्षीं विचारावा: यंदा आपण कोणती किल्ली कोणाच्या हातीं दिली? ज्या वर्षीं या प्रश्नाचें उत्तर देतां येणार नाहीं, त्या वर्षीं इमारत कितीहि उंच चढली असली, तरी संस्था वाढली असें आम्ही म्हणणार नाहीं.